लाकडाला घाबरणारा बॉल

नमस्कार मंडळी! आज एका जुन्या पिक्चरबद्दल बोलू या, १९४९ चा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, नाव 'इट हॅपन्स एव्हरी स्प्रिंग', अमेरिकन आणि तोही बेसबॉलवरचा. थांबा थांबा, लगेच स्टेशन बदलू नका, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतंय. पिचर म्हणजे आपला बोलर समजा, तो ६० फूट ६ इंचांवरून बॉल फेकतो, टप्पाबिप्पा काही नाही, थेट, आणि समोरच्याच्या हातात गोल लाकडी बॅट. आता हा अख्खा खेळ बॉल लाकडाला लागण्यावर चाललेला, आणि कुणी असं औषध शोधलं की बॉल लाकडाच्या जवळच जाईना, तर? बस एवढीच कल्पना, बाकी जग आपलं नेहमीचंच.

हिरो व्हर्नन सिम्पसन कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, पगार बेताचा, आणि प्रेम कुणावर तर विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या मुलीवर, म्हणजे लग्नाचं नाव काढायचं तरी कुठल्या तोंडानं! हा रोल केलाय रे मिलंडने, ज्याने चारच वर्षं आधी 'द लॉस्ट वीकेंड'मध्ये दारुड्याचं काम केलं आणि ऑस्कर नेलं, आणि इथे तो इतक्या गंभीर चेहऱ्याने येडेपणा करतो ना, मला तर तेच आवडतं, विनोदी नट असता तर डोळे मिचकावून सगळी मजा घालवली असती. तर हा लॅबमध्ये लाकडाला कीड लागू नये म्हणून काहीतरी बनवत असतो, बाहेर पोरं खेळतायत, बॉल खिडकीची काच फोडून आत, सगळी काचेची मांडणी भुईसपाट, सगळी रसायनं एकमेकांत. आणि मग त्याच्या लक्षात येतं की त्या पाण्यात भिजलेला बॉल लाकडापासून पळतोय. दुसरा कुणी असता तर पेपर लिहिला असता, पेटंट घेतलं असतं. हा बेसबॉलवेडा गडी मात्र थेट सेंट लुईस शहर गाठतो आणि तिथल्या टीमला सांगतो, मला पिचर म्हणून घ्या.

मग काय, बॅट फिरते आणि बॉल तिच्यावरून टुणकन उडी मारून पुढे, बॅट्समन बॅटकडे बघतोय, अंपायरकडे बघतोय.

पण खरी मजा मैदानाबाहेर आहे. याचा रूममेट मंक, टीमचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा, पॉल डग्लसने केलाय, धिप्पाड आणि भाबडा. त्याला ती बाटली दिसते, हे काय रे म्हणून विचारतो, हा गडबडून सांगतो, केसांचं टॉनिक आहे. झालं! मंक ते डोक्याला लावतो आणि लाकडी ब्रश घेऊन आरशासमोर उभा राहतो, ब्रश डावीकडून आणला की केस उजवीकडे झोपतात, उजवीकडून आणला की डावीकडे, ब्रश काही टेकेचना. वर ते टॉनिक मॅनेजरपर्यंतही पोचतं, म्हणजे बाटली चाललीय संपत. एक नियम ठरवला आणि तो बॉलपासून टाळूपर्यंत प्रामाणिकपणे पाळला, फँटसी अशी हवी राव, नाहीतर आजकाल दर दहा मिनिटांनी नवीन जादू.

आता एक गोष्ट मला खटकते म्हणा किंवा आवडते म्हणा. हा माणूस चक्क चीटिंग करतोय की! बॉलला थुंकी लावून टाकायचा प्रकार, त्याला ते स्पिटबॉल म्हणतात, १९२० सालीच बंद झाला होता, फक्त आधीपासून टाकणाऱ्या १७ पिचरना सूट होती, त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला आणि त्यानेच १९३१ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे तिथल्या सीझनच्या फायनलची, शेवटची मॅच सेंट लुईसला जिंकून दिली होती. आपल्याकडे क्रिकेटमध्ये थुंकी लावायची बंदी आली ती कोविडमुळे २०२० मध्ये, तिथे भानगड शंभर वर्षं जुनी. तर थुंकी चालत नाही आणि हा लॅबमधलं केमिकल चोळतोय, आणि पिक्चर त्याला एका शब्दाने बोलत नाही. बेसबॉलवाले मात्र बोलले. लीगने या पिक्चरला मदत करायलाच नकार दिला, फसवणारा हिरो त्यांना नको होता, म्हणून अख्ख्या पिक्चरमध्ये टीमचं खरं नाव येत नाही, नुसतं सेंट लुईस, सेंट लुईस. मला विचाराल तर लीगचं बरोबरच होतं, पण त्यांनी शेवट नीट बघायला हवा होता.

(बघणार असाल तर पुढचं अर्धं मिनिट कान झाका.) फायनल मॅच, मोक्याची वेळ, आणि औषध संपलेलं. आता टाकायचा साधा बॉल, साध्या हाताने. अर्थात तो सणसणीत बसतो, गोळीसारखा सरळ अंगावर येतो, आणि हा उघडा हात घालतो. कॅच! टीम जिंकली, हाताचं हाड मोडलं, डॉक्टर म्हणतात यापुढे पिचिंग विसरा. म्हणजे सगळ्या सीझनमध्ये या पठ्ठ्याने खरा बेसबॉल खेळला तो एवढ्या एका सेकंदात, आणि त्याची फी भरली हाताने. हात प्लास्टरमध्ये घेऊन तो घरी निघतो, नोकरी गेली असणार या भीतीने. पुढे काय होतं ते नाही सांगत, तेवढं तुम्हीच बघा, सगळा मिळून दीड तासही नाही.