पाय घासत चला, खाली वागळें आहे

नमस्कार श्रोतेहो.

बाणावलीला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की बांगड्या-तारल्यांच्या ढिगात एखादं चपटं, ताटासारखं जनावर आपटताना दिसतं. आपलं वागळें, मालवणकडचे लोक त्याला पाकट म्हणतात.

मासाच तो, पण अंगात हाड नाही. सांगाडा सगळा कुर्चेचा, मोरीसारखाच, म्हणजे शार्कसारखा. नदीच्या मुखाशी, उथळ पाण्यात तळाला बसायचं, पंख फडकावून वाळू अंगावर ओढायची आणि डोळे तेवढे उघडे ठेवायचे. आता गंमत बघा. तोंड आणि कल्ले दोन्ही पोटाकडे, म्हणजे वाळूत रुतलेले. मग श्वास कसा घेणार? डोळ्यांमागे दोन भोकं असतात, पाणी तिथून आत जातं. खाणं तर त्याला दिसतही नाही. तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांतून वाळूतल्या खेकड्या-कोळंबीच्या अंगातली विजेची पुसट चाहूल त्याला लागते. अंधारात चाचपडत नाही ते, नेमकं तिथेच तोंड घालतं.

शेपटीवरचा काटा दातेरी आणि विषारी. पण वागळें माणसाच्या मागे लागत नाही, पाय पडला तरच मारतं. म्हणून गुडघाभर पाण्यात पावलं उचलून टाकू नका, तळाला घासत चला. हादरा बसला की ते आपणहून सटकतं. टोचलंच, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर उतरतो. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, तेव्हा डॉक्टरकडे जायचंच.

याचं आंबट-तीख कालवण करणाऱ्यांसाठी एक सांगतो. याच्या अंगात युरिया असतो, खाऱ्या पाण्यात टिकायला तो लागतो. मासा शिळा झाला की त्याचाच अमोनिया होतो. बाजारात नाकाला झोंबलं तर पुढच्या पाटीकडे वळा.

बांगडा अंडी टाकतो हजारोंनी. वागळ्याची मादी पिल्लं पोटात वाढवते, दुधासारख्या स्रावावर पोसते, आणि एका खेपेला देते मोजकीच. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात अशी एक गाभण मादी आली की त्या खेपेची सगळी पिल्लंही गेली. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत ट्रॉलर थांबतात, तेवढीच तिला उसंत.

रापणीत बशीएवढं पिल्लू जिवंत सापडलं, तर शेपूट चुकवून ते पाण्यात सरकवणारे रापणकार मी पाहिलेत. लाट येते, पिल्लू दोनदा पंख हलवतं, आणि तिथे नुसती वाळू उरते.