क्लोन्सचा रस्ता आणि लार्नचं बंदर

आयर्लंडमध्ये मॉनहन काउंटीत क्लोन्स नावाचं एक छोटं गाव आहे. तिथून कॅव्हनच्या दिशेनं निघालात, की दहा-बारा किलोमीटरच्या आत तुम्ही चार वेळा सरहद्द ओलांडता. आयर्लंडमधून ब्रिटनच्या हद्दीत, परत आयर्लंडमध्ये, पुन्हा ब्रिटनच्या, पुन्हा आयर्लंडमध्ये. वाटेत ना फाटक, ना पोलीस. नीट लक्ष दिलंत तर एवढंच दिसेल, की रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ अचानक पांढरी झाली आणि वेगमर्यादेचा आकडा किलोमीटरऐवजी मैलांत आला. पुढच्या वळणानंतर रेघ परत पिवळी. दोन देशांमधली सरहद्द म्हणून तिथं डोळ्यांना जे दिसतं, ते एवढंच.

आज मी तुमच्यापुढे बोलणार आहे ते या रेघेबद्दल. ब्रिटननं युरोपीय संघ सोडला, त्याला ब्रेक्झिट म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घटस्फोटाची ही बोलणी ज्या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं अडून बसली, तो ना लंडनचा होता ना ब्रुसेल्सचा. तो या पाचशे किलोमीटरच्या रेघेचा होता. तिच्यावर दोनशेहून जास्त रस्ते आरपार जातात.

माझी तीस वर्षं न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचं काम करण्यात गेली. बिल ऑफ एंट्री, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, ड्यूटी, डेमरेज हीच माझी रोजची भाषा. त्यामुळे ब्रेक्झिटच्या बातम्या मी कधी राजकारण म्हणून वाचल्याच नाहीत. उद्या सकाळी या गाडीचे कागद कोण बघणार, कुठे बघणार, हाच प्रश्न माझ्या मनात पहिला यायचा. आणि त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथले नेते तयार नव्हते.

थोडं मागं जाऊ. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेच्या सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. 1 एप्रिल 1923 पासून सरहद्दीवर कस्टम्सच्या चौक्या बसल्या आणि लोण्यापासून गुरांपर्यंत सगळ्याची चोरटी वाहतूक सुरू झाली. 1973 मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपच्या सामायिक बाजारात गेले. 1 जानेवारी 1993 ला युरोपची एकसंध बाजारपेठ अमलात आली आणि कस्टम्सच्या चौक्या गेल्या. लष्कराचे नाके मात्र होतेच, कारण उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं रक्त सांडत होतं. साडेतीन हजारांवर माणसं मारली गेली. 10 एप्रिल 1998 ला गुड फ्रायडेचा करार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत टेहळणीचे मनोरेही उतरवले गेले.

बाजार एक झाल्यामुळे चौकी गेली आणि शांतता आल्यामुळे बंदूक गेली. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत, की एक सोडवायला गेलं की दुसरी उसवते. ज्याला उत्तरेत राहून स्वतःला आयरिश म्हणवायचं आहे त्याला रेघ दिसत नाही, आणि ज्याला ब्रिटिश म्हणवायचं आहे त्याला ठाऊक असतं की रेघ आहे. दोघांचं भागतं. कराराचं सगळं शहाणपण या न दिसण्यात आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच झाला. सरहद्दीवर माल दोन कारणांसाठी थांबतो. पहिलं कारण पैसा, म्हणजे ड्यूटी किती, मूळ देश कोणता. कस्टम्स युनियनमध्ये असलात तर हा प्रश्न मिटतो, कारण बाहेरच्यांसाठी सगळ्यांचा दर एकच असतो. दुसरं कारण नियम. मांसात कोणतं औषध चालतं, रोपाच्या मुळाशी माती चालते का, खेळण्याच्या रंगात काय असावं. एकसंध बाजारपेठेत असलात तर हाही प्रश्न मिटतो. सरहद्द पूर्ण नाहीशी व्हायला दोन्ही लागतात. नॉर्वे बाजारपेठेचे नियम पाळतो, पण कस्टम्स युनियनमध्ये नाही, म्हणून स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंडला कस्टम्सचं ठाणं आहे. तुर्कस्तान औद्योगिक मालासाठी कस्टम्स युनियनमध्ये आहे, पण बाजारपेठेत नाही, म्हणून बल्गेरियाच्या हद्दीवर कापिकुलेला ट्रकांच्या रांगा लागतात.

तुमच्यापैकी ज्यांनी मुंबईचे जकात नाके पाहिले आहेत, त्यांना हे पटकन कळेल. मुलुंडला, दहिसरला ट्रक रात्र-रात्र उभे असायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि नाके गेले. मुलुंड चेक नाका हे नाव तेवढं राहिलं. कल्पना करा, उद्या एखाद्या राज्यानं सांगितलं, की आम्ही जीएसटीतून बाहेर पडतो, आमचे दर आणि आमचे नियम आम्ही ठरवू, पण नाका मात्र कुठेच बसणार नाही. तुम्ही विचाराल, मग माल तपासणार कुठे?

हाच प्रश्न 23 जून 2016 च्या सार्वमतात कोणी धड विचारला नाही. मतदानाच्या दोनच आठवडे आधी जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर, दोन विरोधी पक्षांचे दोन माजी पंतप्रधान, एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला गेले आणि सांगून आले, की याचा इथल्या शांततेवर परिणाम होईल. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. 51.9 टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं. उत्तर आयर्लंडनं मात्र 55.8 टक्क्यांनी आत राहण्याचं मत दिलं होतं. ज्यांच्या दारातून रेघ जाते, त्यांचा कौल वेगळा होता. हे मला आजही सलतं.

पुढं थेरेसा मे यांच्या सरकारनं तीन आश्वासनं दिली. आम्ही कस्टम्स युनियन आणि बाजारपेठ दोन्ही सोडू. आयर्लंड बेटावर चौकी येणार नाही. आणि उत्तर आयर्लंड व उरलेलं ब्रिटन यांच्यामध्येही समुद्रात रेघ येणार नाही. यातली कोणतीही दोन एका वेळी पाळता येतात, तिन्ही पाळता येत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरालासुद्धा हे पाच मिनिटांत समजलं असतं. तरी मोठमोठी माणसं म्हणत राहिली, की तंत्रज्ञान आहे, कॅमेरे आहेत, सॉफ्टवेअर आहे. मी आयुष्यभर ते सॉफ्टवेअर वापरलं. ते कागद वाचतं, आणि उत्तम वाचतं. पण प्लांट क्वारंटाइनचा माणूस नमुना घ्यायला येतो, तेव्हा गोणी फोडावीच लागते. आणि गोणी फोडायला जागा लागते, छप्पर लागतं, माणूस लागतो. त्या माणसाला उभं कुठे करायचं, एवढाच तर वाद होता.

तो माणूस रेघेवर उभा राहिला तर काय होऊ शकतं, हे आयर्लंडला चांगलं माहीत होतं. 22 ऑगस्ट 1972 ला सरहद्दीजवळच्या न्यूरीच्या कस्टम्स ठाण्यात आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला आणि नऊ जण गेले. त्यांत कस्टम्सचे चार कारकून होते. ऑक्टोबर 2018 मध्ये ब्रुसेल्सला युरोपच्या नेत्यांचं रात्रीचं जेवण होतं. आयर्लंडचे पंतप्रधान त्या दिवशीचा ‘आयरिश टाइम्स’ सोबत घेऊन गेले. त्यात या स्फोटाची हकीकत छापून आली होती. तो अंक त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चार कारकून. माझ्यासारखेच शिक्के मारणारे.

ते पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळ आपल्या सिंधुदुर्गातले, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आई आयरिश परिचारिका. डिसेंबर 2019 च्या अखेरीस लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. मालवणी माणसाचा मुलगा तिथं बसून युरोपला कस्टम्सच्या चौकीचा धोका समजावत होता, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

मे यांनी काढलेली तोड म्हणजे ‘बॅकस्टॉप’. दुसरी व्यवस्था सापडेपर्यंत सगळं ब्रिटन युरोपच्या कस्टम्स व्यवस्थेत राहील, आणि उत्तर आयर्लंड मालाचे काही जादा नियम पाळेल. तात्पुरती तजवीज, पण ब्रिटनला एकट्यानं तिच्यातून बाहेर पडता येणार नव्हतं. ब्रेक्झिटवाले बिथरले. 15 जानेवारी 2019 ला संसदेत मे यांच्या कराराचा 202 विरुद्ध 432 असा पराभव झाला. सरकारचा एवढा मोठा पराभव आधुनिक काळात झालेला नव्हता. मार्चमध्ये त्या आणखी दोनदा हरल्या, आणि पुढं पायउतार झाल्या. त्यांचं सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या पक्षाच्या दहा खासदारांवर तगून होतं, त्यामुळे त्यांचे हात आधीपासूनच बांधलेले होते. डिसेंबर 2017 मध्ये ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवताना त्यांना उठून डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर यांच्याशी फोनवर बोलावं लागलं होतं. त्या दिवशी ठरत आलेला मसुदा तिथंच बारगळला.

मग बोरिस जॉन्सन आले. नोव्हेंबर 2018 मध्ये ते डीयूपीच्या अधिवेशनात सांगून आले होते, की समुद्रात रेघ ओढायला कोणतंही ब्रिटिश हुजूर सरकार राजी होऊ शकत नाही. अकरा महिन्यांनी, ऑक्टोबर 2019 मध्ये, वराडकरांशी इंग्लंडमधल्या विरलमध्ये बोलणी करून त्यांनी नेमकी तीच रेघ मान्य केली. तपासणी आयर्लंडच्या जमिनीवरच्या रेघेवर नाही, उत्तर आयर्लंडच्या बंदरांत होणार, म्हणजे लार्नला आणि बेलफास्टला. पुढच्याच महिन्यात ते उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना म्हणाले, की कोणी फॉर्म मागितला तर मला फोन करा, तो केराच्या टोपलीत टाकायला सांगेन. इथं मला राग येतो. कारण 1 जानेवारी 2021 ला फॉर्म आले, आणि व्यापारी तयारीत नव्हते.

लार्नचं बंदर डोळ्यांपुढे आणा. स्कॉटलंडच्या केर्नरायनहून दोन तासांत फेरी येते. तिच्यातून सुपरमार्केटचा ट्रक उतरतो. आत चिकन, दही, पिझ्झा, सॅलड, सगळं मिसळ. प्राण्यापासून आलेल्या प्रत्येक जिनसाला पशुवैद्याच्या सहीचा दाखला. एकाच्या कागदावर चूक असली तरी सगळा ट्रक अडकतो. न गोठवलेली कच्ची सॉसेजेस युरोपच्या नियमात बाहेरच्या देशातून येऊच शकत नाहीत, त्यावर तर मोठा वाद झाला. स्कॉटलंडचं बियाण्याचं बटाटं बंद. इंग्लंडहून बागेचं रोप मागवलं आणि मुळाला माती चिकटलेली असली, तर तेही बंद. आणि दुसरीकडे, जर्मनीत बनून इंग्लंडच्या गोदामात उतरलेली गोड गोळ्यांची पाकिटं डब्लिनला पाठवली, तर त्यांच्यावर ड्यूटीचा प्रश्न उभा. ब्रिटन आणि युरोप यांच्या व्यापार करारात शून्य ड्यूटी लिहिलेली होती, पण ती ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. मूळ देशाचा नियम लोक नेहमी विसरतात.

पण सॉसेजवर हसू नका, असं मी कळकळीनं सांगेन. लार्नमधला युनियनिस्ट माणूस स्वतःला ब्रिटिश समजतो. त्याच्या आजोबांनी ब्रिटनसाठी युद्धं लढली. त्याच्याच देशातून त्याच्या गावात येणारा डबा परदेशी मालासारखा उघडला जातो, हे त्याला झोंबलं. भिंतींवर समुद्री सरहद्दीच्या विरोधातल्या घोषणा रंगल्या. फेब्रुवारी 2021 च्या सुरुवातीला धमक्यांमुळे बंदरातल्या तपासनिसांना काही दिवस घरी बसवावं लागलं. न्यूरीत जे कारकूनांच्या वाट्याला आलं, त्याची सावली पुन्हा कारकूनांवरच पडली, फक्त आता धमकी दुसऱ्या बाजूनं होती. युरोपही चुकला. 29 जानेवारी 2021 ला करोनाच्या लशी अडवण्यासाठी युरोपीय आयोगानं प्रोटोकॉलमधलं, म्हणजे उत्तर आयर्लंडबद्दलच्या या करारातलं, एकतर्फी पावलं उचलू देणारं सोळावं कलम वापरायला घेतलं, आणि काही तासांत माघार घेतली. ज्या सरहद्दीच्या नावानं चार वर्षं शपथा घेतल्या, ती एका संध्याकाळी विसरली गेली. उत्तरेतल्या दोन्ही बाजू त्या दिवशी एकाच वेळी संतापल्या.

फेब्रुवारी 2022 मध्ये डीयूपी उत्तर आयर्लंडच्या सरकारमधून बाहेर पडला आणि स्टॉर्मंटचा, म्हणजे तिथल्या सरकार-विधानसभेचा कारभार दोन वर्षं ठप्प झाला. तोड निघाली ती 27 फेब्रुवारी 2023 ला, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्या विंडसर करारात. माझ्या मते ही पहिली तोड, जी गोदामात काम केलेल्या माणसाला विचारून लिहिल्यासारखी वाटते. उत्तर आयर्लंडमध्येच विकायचा माल हिरव्या मार्गिकेतून, नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याच्या भरवशावर, मोजक्या कागदांवर. पुढं आयर्लंडमध्ये, म्हणजे युरोपात जाऊ शकणारा माल लाल मार्गिकेतून, पूर्ण तपासणीसह. पहिल्या प्रकारच्या मांसावर, दुधावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असं लेबल. बटाट्याच्या बियाण्याची वाट मोकळी झाली. रेघ गेली नाही, बारीक झाली.

दूध मात्र अजूनही रोज जमिनीवरची ती जुनी रेघ ओलांडतं. उत्तरेतल्या दुधापैकी जवळजवळ एक तृतीयांश दक्षिणेच्या डेअऱ्यांत प्रक्रियेला जातं. डब्लिनमध्ये गाळलेली गिनेस बीअर टँकरनं बेलफास्टला जाते, तिथं डब्यांत भरली जाते आणि परत येते. हे टँकर एकदाही थांबले नाहीत. पिवळी रेघ, पांढरी रेघ, पुन्हा पिवळी.

फेब्रुवारी 2024 मध्ये स्टॉर्मंट पुन्हा सुरू झालं आणि मिशेल ओ’नील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. त्या पदावरच्या पहिल्याच आयरिश राष्ट्रवादी. 10 डिसेंबर 2024 ला तिथल्या विधानसभेनं ही व्यवस्था पुढं चालू ठेवायची का, यावर मत दिलं. 48 विरुद्ध 36. बाजूनं पडलेल्या मतांत युनियनिस्टांचं एकही नव्हतं. दोन्ही समाजांची संमती मिळाली असती तर पुढचं मतदान आठ वर्षांनी झालं असतं. ती मिळाली नाही, म्हणून ते चार वर्षांनीच, 2028 मध्ये होईल. दरम्यान 19 मे 2025 ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोप यांनी अन्न, जनावरं आणि रोपं यांचे नियम पुन्हा जुळवून घेण्याच्या करारावर बोलणी करायचं ठरवलं. तो करार नीट झाला, तर लार्नच्या शेडमध्ये उघडल्या जाणाऱ्या पेट्या पुष्कळ कमी होतील. मातीसकट रोपही जाऊ शकेल.