पेरॅडव्हेंचर : एक जुना ‘कदाचित’

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

आपली मुलं इंग्रजीत वाढतायत, म्हणून आज एका जुन्या इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. ‘पेरॅडव्हेंचर’. मूळ अर्थ ‘कदाचित’. पुढे तो नाम म्हणूनही चालू लागला : अनिश्चितता, शंका.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच येऊन बसली. तिच्यातला ‘पार आव्हान्त्यूर’, म्हणजे ‘योगायोगाने’, हळूहळू इंग्रजांच्या तोंडी रुळला. मूळ लॅटिन शब्दातला ‘ड’ फ्रेंचांनी गाळला होता. लॅटिनच्या ओढीने इंग्रजीत तो पुन्हा आला. ‘डाउट’ शब्दातला मुका ‘बी’ही याच ओढीने आलेला.

या दोन शब्दांची मुळं मात्र वेगळी, आणि मला तीच फार मोलाची वाटतात. ‘डाउट’ जातो लॅटिनमधल्या ‘दोन’पाशी, आपल्या ‘द्विधा’तला ‘द्वि’ त्याच कुळातला. तिथे मन दोन वाटांवर अडतं. ‘पेरॅडव्हेंचर’च्या मुळाशी आहे लॅटिन ‘आडव्हेंतुरा’, म्हणजे जे यायचं आहे ते. त्यातली शंका पुढे बघते.

म्हणूनच १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी अनुवादात, तो इतका शोभतो. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात देव सदोम नगराचा नाश करायला निघालाय, आणि त्याचा भक्त अब्राहाम त्याला अडवतो. पेरॅडव्हेंचर तिथे पन्नास नीतिमान असतील, तर? पाच कमी पडले तर? चाळीस? तीस? वीस? दहा? तोच शब्द सहा वेळा येतो. नगरात चांगली माणसं आहेत याचा पुरावा त्याच्याकडे नाही. एवढ्या एका ‘कदाचित’च्या बळावर तो अनोळखी माणसांचे प्राण मागतो, आणि दर वेळी देव ‘हो’ म्हणतो. दहावर अब्राहाम थांबतो. दहाही निघत नाहीत, नगर जळतं. तरी त्याचं मागणं मला आजही थोर वाटतं.

पुढे ‘परहॅप्स’ने याची जागा घेतली. आता हा शब्द उरलाय तो बहुतेक ‘बियॉन्ड पेरॅडव्हेंचर’, म्हणजे ‘निःसंशय’, अशा वकिली थाटाच्या वाक्यांत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बायबलच्या नव्या अनुवादांत अब्राहामाच्या तोंडी ‘समजा’ किंवा ‘जर’ सापडेल. मुलांना घेऊन जुनाच अनुवाद वाचा, त्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनापासून, आणि मोठ्याने वाचा.