पोट दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल

नमस्कार मंडळी. सकाळचे सव्वासहा, स्कूल व्हॅन यायची वेळ, आणि पोरगी बेंबीवर हात दाबून कळवळतेय, आजी हिंग लावतेय, बाबा म्हणतात नाटकं आहेत, शाळा बुडवायचीय हिला. मी डाएटिशियन आहे, मुलांच्या पोटविकाराच्या टीममध्ये काम करते, तर आल्या आल्या आम्ही घरच्यांना हेच सांगतो की दुखणं खरं आहे, तिच्यासमोर नाटकं हा शब्द पुन्हा नको. रक्त नॉर्मल, सोनोग्राफीत फार तर बारीक लिम्फ नोड्स, त्या धडधाकट मुलांनाही दिसतात, पण 'गाठी' ऐकलं की घरचे हादरतात.

होतं काय, आतड्यात नसांचं स्वतःचं जाळं असतं, मेंदूशी त्याचं सतत येणंजाणं चालू, आणि काही मुलांचं ते इतकं हळवं होतं की साध्या गॅसचीसुद्धा कळ येते. फंक्शनल पोटदुखी म्हणतात याला. हे काही आजकालचं फॅड नाही, १९५८ मध्ये इंग्लंडच्या बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्लींना शाळकरी मुलांत साधारण दहात एकाला हे सापडलं होतं.

आता टीम कशाला? डॉक्टर आधी बघतात की वजन घटतंय का, शी मधून रक्त, हिरवी उलटी, झोपेतून उठवणारं दुखणं, उंची थांबलीय का. यातलं काही असेल तर वाट बघूच नका. मी डब्याची डायरी बघते, आणि खूपदा निघते ती दाबून ठेवल्याने साठलेली शी, कारण शाळेच्या टॉयलेटला जायचंच नसतं, मग जेवल्यावर दहा मिनिटं कमोडवर, पायाखाली घरचा पाट. उगाच दूध गहू सगळं बंद करू नका हो, मूल नुसतं वाळतं.

आणि सायकॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत हव्यात. सगळ्या टेस्ट संपल्यावर शेवटी पाठवलं की आईला वाटतं माझ्या लेकराला वेडं ठरवलं, मग ती परत येतच नाही, हे मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नेदरलँड्समध्ये अशा ५३ मुलांचा अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला, पोटासाठीची संमोहन थेरपी घेतलेल्यांपैकी ८५ टक्के वर्षानंतर बरी होती, नेहमीच्या उपचारात २५ टक्के.

त्या पोरीच्या घरी आम्ही दर तासाला 'दुखतंय का गं' विचारणं थांबवलं, वर्गशिक्षिकेशी बोललो, आधी अर्धा दिवस शाळा. कधीमधी दुखतं अजून, तेव्हा ती पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घेते आणि व्हॅनमध्ये चढते.