विश्वामित्रीची रेघ

[दृश्य: ड्रोन. कमाटीबागेजवळचं नदीचं वळण. काठाच्या चिखलात दोन मगरी.]

बडोद्याच्या मधोमध वाहणारी ही विश्वामित्री. शहरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती सरळ अशी कुठे जातच नाही. चिखलात पडलेल्या या मगरी मात्र कुठल्याच नकाशात सापडायच्या नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून काढलेला नकाशा. त्याचा साधा नियम आहे, जे जागचं हलतं ते काढायचं नाही. पाणीही हलतं म्हणा, पण पात्र राहतं.

मोबाइलवर नकाशा फुकट दिसतो, म्हणून तो खुला आहे असा बहुतेकांचा समज असतो. दिसतं ते फक्त चित्र. नदीची रेघ कोणकोणत्या बिंदूंतून गेली, त्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश काय, ती कधी आणि कशावरून काढली, हे सगळं उतरवून घेता आलं, दुरुस्त करता आलं, तरच ती खुली माहिती. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप या अर्थाने खुला आहे. अटी दोनच. श्रेय द्यायचं, आणि या माहितीवर आपला साठा उभा करून पुढे वाटला, तर तोही याच अटींवर वाटायचा.

[दृश्य: दांडिया बाजार. वाड्याची माडी, दोन संगणक, पडद्यावर उपग्रहचित्र. मूळ आवाज.]

“अगं, रेघ उलटी आलीये. बाण बघ, पावागडाकडे चाललेत.”
“हो की. थांब दादा, फिरवते.”

नदीची रेघ वाहण्याच्या दिशेनेच काढायची असते, उगमाकडून, म्हणजे इथे पावागडाकडून, मुखाकडे. उलटी काढली तरी नकाशावर निळी रेघ तशीच दिसते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी कुठून कुठे जाईल याचा हिशोब एखाद्या प्रोग्रॅमने मांडला की मग ती बाहेर येते. तशीच दुसरी चूक ओहोळाच्या टोकाची. ओहोळ नदीला मिळतो तिथे दोन्ही रेघांचा बिंदू एकच हवा. पडद्यावर टोकं चिकटलेली दिसतात, जवळ जाऊन पाहावं तर मध्ये अर्ध्या मीटरची फट. तेवढ्यावर तो ओहोळ हिशोबातून बाद होतो.

पुलावर मात्र बरोबर उलट. काळा घोडा पुलावर रस्ता आणि नदी एकमेकांना ओलांडतात, पण तिथे सामायिक बिंदू चालत नाही, कारण रस्ता पाण्याला भेटतच नाही. पुलाच्या दोन्ही टोकांशी रस्ता तोडायचा, मधल्या तुकड्याला पुलाचा टॅग, म्हणजे ती वस्तू काय आहे ते सांगणारी खूण, आणि एक नंबरचा लेयर, म्हणजे वरचा थर, द्यायचा. नदीला हात लावायचा नाही. मोरीच्या ठिकाणी नियम फिरतो. तिथे तोडायचा तो ओहोळ. रस्त्याखालच्या तुकड्याला मोरीचा टॅग, लेयर उणे एक.

[दृश्य: भुखी कांस. काँक्रीटच्या भिंती, तळाशी काळं पाणी.]

बडोद्यात अशा पाणवाटांना कांस म्हणतात. ही भुखी कांस. टॅग लावताना सर्वात जास्त गोंधळ इथेच. नैसर्गिक ओहोळ असेल तर ‘स्ट्रीम’, बांधून काढलेला असेल तर ‘ड्रेन’. एकच कांस वरच्या अंगाला ओहोळ, मध्ये गटार आणि रस्त्याखाली मोरी असू शकते. तितके तुकडे करायचे. झाकलेला भाग उपग्रहचित्रात दिसत नाही, त्यासाठी दोन्ही तोंडं पायी जाऊन शोधावी लागतात. एकच तोंड सापडलं तर रेघ तिथेच थांबवायची, पुढचं अंदाजाने रेटायचं नाही. एखाद्या कंपनीच्या नकाशावरून उचलायचं तर मुळीच नाही. ते परवान्याबाहेरचं आहे, आणि असं काम आढळलं की सगळंच्या सगळं पुसलं जातं.

[दृश्य: पडद्यावर मोठं केलेलं चित्र. रस्ता आणि त्याची रेघ यांत फट.]

रेघ ओढण्याआधी एक तपासणी लागते. उपग्रहचित्र जमिनीवर नेमकं बसलेलं नसतं, काही मीटर सरकलेलं असतं. आधी एकाच रस्त्यावरचे जीपीएसचे अनेक माग पडद्यावर आणायचे, त्यांच्या मध्यावर चित्रातला रस्ता येईपर्यंत चित्र सरकवायचं, मगच काम सुरू. ही पायरी गाळली की अख्खी नदी एका अंगाला सरकते, आणि पुढे कुणी दुसऱ्या चित्रावरून काठ काढला की मधली रेघ थेट काठावर चढते.

हो, नदी दोनदा काढावी लागते. एकदा रेघ म्हणून आणि एकदा पात्राचा आकार म्हणून. रेघेवर नाव आणि दिशा, आकारावर पाण्याचा टॅग. एका रेघेत २,००० बिंदूंपेक्षा जास्त मावत नाहीत, त्यामुळे लांब पात्राचे तुकडे करावेच लागतात. नावाच्या रकान्यात गुजराती किंवा इंग्रजी नाव बहुधा भरलेलं असतं. मराठीचा रकाना वेगळा आहे, तो आपणच भरायचा.

[दृश्य: पावागड. पावसाळी ढग, कड्यावरून उतरणारे ओहोळ.]

विश्वामित्रीचा उगम इथला, पावागडाचा. डोंगर आठशे मीटरच्या आसपास, आणि बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. कोणत्या उतारावरचं पाणी शेवटी काळा घोडा पुलाखाली येतं, म्हणजेच नदीचं पाणलोट क्षेत्र कुठवर आहे, हे काढायला जमिनीच्या उंचीची माहिती लागते. तीही खुली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती रडार फिरवत होतं. त्यातून जवळजवळ सगळ्या वस्तीच्या जगाचं तीस मीटर चौकोनांचं उंचीचं जाळं मिळालं, ते ‘एसआरटीएम’. नंतरचं, २०११ ते २०१५ च्या रडार मोजणीवरून केलेलं, ते ‘कोपर्निकस डीईएम’.

डोंगरात दोन्ही चालतात. खाली मैदानात घोळ सुरू होतो. शहरापासून समुद्रापर्यंत दर किलोमीटरला मीटरभरही उतार नाही, आणि एसआरटीएममधली उंची पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली. म्हणजे शेजारशेजारच्या कितीतरी चौकोनांवर तोच आकडा. पाणी कुठे वळायचं ते प्रोग्रॅमला कळत नाही आणि तो सरळसोट समांतर रेघा मारत सुटतो. मैदानासाठी कोपर्निकस घ्यावं, त्यात दशांशातली उंची आहे. पण रडारला दिसतो तो वरचा पृष्ठभाग, माती नव्हे. नदीकाठच्या घळींत गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला असतो, त्याचा शेंडाच जमीन म्हणून नोंदला जातो. पूल नदीवर बंधारा होऊन बसतो. कालव्याच्या भरावाचंही तेच. त्याखालून पाणी काढून देणारी मोरी रडारला दिसत नाही, आणि ओहोळ भरावाच्या कडेकडेने भलतीकडे निघतो.

[दृश्य: क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅमचा पडदा. करड्या उंचीवर हळूहळू उमटणारी निळी जाळी.]

यावरचा उपाय म्हणजे नदी कोरणं. आधी काढलेली ओपनस्ट्रीटमॅपची रेघ इथे कामाला येते. त्या रेघेखालच्या चौकोनांची उंची पाच ते दहा मीटरने कमी करायची. सगळी माहिती एकाच प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करण्याच्या एकाच पद्धतीत हवी. बडोद्यासाठी यूटीएम ४३ उत्तर, त्यात अंतर मीटरमध्ये असतं. अंशांत ठेवलेल्या जाळीवर उतार काढला तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, आकडे सगळे निरर्थक. मग उंचीच्या जाळीतले खड्डे भरायचे, प्रवाहाची दिशा काढायची, आणि प्रत्येक चौकोनातून वरचे किती चौकोन वाहून जातात ते मोजायचं. नदी कुठून म्हणायची ते आपण ठरवायचं. एक चौकोन ९०० चौरस मीटरचा, तेव्हा ५,००० चौकोनांची मर्यादा घातली तर साडेचार चौरस किलोमीटर पाणलोटाच्या खालचे ओहोळ गळतात. शहरासाठी हे फार झालं, १,००० वर आणावं.

शेवटची खोच पुलाच्या बिंदूची, म्हणजे ज्याच्या वरचं पाणलोट काढायचं त्या काळा घोडा पुलाखालच्या बिंदूची. तो नेमका जास्तीत जास्त प्रवाहाच्या चौकोनात बसवावा लागतो. एक चौकोन बाजूला पडला की शेकडो चौरस किलोमीटरच्या जागी एखाद्या सोसायटीच्या आवाराएवढं पाणलोट येतं. नवख्यांचा पहिला निकाल बहुधा हाच असतो.

[दृश्य: आजवा. भरलेला जलाशय, दरवाजे. नंतर जलपर्णीने झाकलेलं तळं.]

सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं हे आजव्याचं सयाजी सरोवर. त्याचं पाणी वर्षभरात कसं पसरतं आणि आटतं, ते युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांच्या चित्रांतून मोजता येतं. दहा मीटरचा चौकोन, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र, पैसे नाहीत. हिरवा पट्टा आणि जवळचा अवरक्त पट्टा घ्यायचा, म्हणजे तिसरा आणि आठवा. हिरव्यातून अवरक्त वजा करून त्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर गेलं की साधारणपणे पाणी. जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. आधी ते वजा करायचे, नाहीतर सगळी उत्तरं शून्याकडे ओढली जातात आणि जुन्या चित्रांशी तुलना फसते.

फसायच्या जागा आणखी आहेत. उंच इमारतींची सावली पाणी म्हणून येते. गढूळ पाणी कोरडं ठरतं. आणि हे तळं बघा. पाणी काठोकाठ आहे, पण वर जलपर्णी. उपग्रहाच्या लेखी हे शेत. शहरातली नदी तर उन्हाळ्यात रुंदीला अशा दोन-तीन चौकोनांतच मावते, तेही अर्धे पाणी, अर्धा काठ. तिथे हे गणित लावूच नये, हातानेच काढावं. गणिताने आलेले आकार तसेच्या तसे ओपनस्ट्रीटमॅपवर चढवणंही योग्य नाही. त्यांच्या कडांना चौकोनी पायऱ्या असतात.

[दृश्य: ऑगस्ट २०२४. पाण्यातलं शहर, छतावरची माणसं. आठ सेकंद नुसता पाण्याचा आवाज.]

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. ढगांतून बघणारा रडार उपग्रह ‘सेंटिनेल-१’ तेव्हा एकटाच उरला होता, त्याच कक्षेत तो १२ दिवसांनी परतायचा. शिवाय घरांच्या भिंतींवरून परतणारी लहर पाण्यातली गल्ली काळी न दाखवता उजळ दाखवते.

[दृश्य: शेतं, घळी, मिठागरं. वरून.]

जमिनीवर काय आहे त्याचा खुला नकाशा म्हणजे युरोपियन स्पेस एजन्सीचा ‘वर्ल्डकव्हर’. २०२० आणि २०२१ अशा दोन आवृत्त्या, दहा मीटरचे चौकोन, अकरा वर्ग. घळीतला गांडा बावळ त्यात वृक्षाच्छादन होतो आणि वडही वृक्षाच्छादनच. या दोन आवृत्त्या एकमेकींतून वजा करून ‘वर्षात एवढी झाडी घटली’ असं सांगण्याचा मोह आवरायला हवा. दोन्हींची गणना-पद्धत वेगळी आहे, त्यामुळे फरक जमिनीचा की पद्धतीचा ते कळत नाही.

[दृश्य: खंभातचं आखात. ओहोटी. क्षितिजापर्यंत चिखल, कडेला तिवरं.]

विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर इथे, खंभातच्या आखाताला. आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरहून जास्त. आता समोर दिसतोय तो सगळा चिखल काही तासांनी समुद्र असेल. मग किनाऱ्याची रेघ कुठे?

ओपनस्ट्रीटमॅपने ठरवलंय की उधाणाच्या भरतीचं पाणी सरासरी जिथवर पोचतं, तिथे. त्याच्या समुद्राकडचा चिखल वेगळा काढायचा, भरती-ओहोटीची पाणथळ म्हणून. तिवरांचा पट्टा त्याहून वेगळा. मिठागरांना स्वतःचा टॅग आहे, त्यांना तळी म्हणून रंगवू नये. एका उपग्रहचित्रावरून किनारा काढणं इथे धोक्याचं. सेंटिनेल-२ नेहमी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारासच येतो, आणि उधाणाची भरती एका जागी दर वेळी साधारण त्याच घटकेला येते. त्यामुळे भरतीच्या काही अवस्था त्याला कधी सापडतच नाहीत. अनेक महिन्यांची चित्रं एकावर एक ठेवायची आणि पाण्यापेक्षा झाडोऱ्यावर भर द्यायचा. तिवरं संपून जिथे बाभळी आणि बांध सुरू होतात, रेघ त्याच्या आसपास.

[दृश्य: पडदा. किनाऱ्याची रेघ, तिच्यावरचे बाण.]

किनाऱ्यालाही दिशा असते. डाव्या हाताला जमीन, उजव्या हाताला पाणी. नदीच्या मुखाशी ही रेघ आडवी ओलांडून न्यायची, वरच्या पात्राला नदीचा टॅग ठेवायचा आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर भरतीचाही. जगभरचा किनारा ही अखंड साखळी आहे. समुद्राचा निळा रंग तिच्यावरूनच भरला जातो, आणि ते काम बाकी नकाशापासून वेगळं चालतं. म्हणून नदीची दुरुस्ती काही मिनिटांत दिसते, पण किनाऱ्याची दिसायला वेळ लागतो. लगेच दिसली नाही म्हणून तीच रेघ पुन्हा काढू नये, एकावर एक दोन किनारे होतात. जॉसम या ओपनस्ट्रीटमॅप संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तपासणी चालवायची, तुटलेलं टोक ती नावानिशी दाखवते. दोन टोकांचे बिंदू एकत्र करायचे, बाण दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला आहेत ना ते पाहायचं, आणि चढवताना शेऱ्यात चित्राचा स्रोत आणि तारीख लिहायची.