‘काही दिसलंच नाही’ : विंटरफेलची लढाई आणि प्रेक्षकांची तक्रार

मित्रहो, आज मी एका तक्रारीची बाजू घेऊन उभा आहे.

28 एप्रिल 2019 च्या रात्री एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक जगातल्या मालिकेच्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग प्रसारित झाला, ‘द लाँग नाइट’. नाइट किंग हा मेलेल्यांना उठवणारा राजा, त्याची मेलेल्यांची फौज विंटरफेल या किल्ल्यावर चालून येते आणि जिवंत माणसांनी ती रात्र कशीबशी काढायची, एवढंच त्याचं कथानक. या मालिकेचा 2011 मधला अगदी पहिला प्रसंग आठवा. भिंतीपलीकडच्या बर्फात पहारेकऱ्यांना तो थंड मृत्यू भेटतो. म्हणजे या लढाईची वाट लोक आठ वर्षं पाहत होते. एचबीओच्या आकड्यानुसार त्या रात्री अमेरिकेत 1 कोटी 78 लाख प्रेक्षक पडद्यासमोर होते, आणि ट्विटरवर या एका भागाबद्दल 78 लाखांच्या आसपास ट्वीट पडले. त्यांतला सगळ्यांत मोठा सूर कोणता होता? ‘आम्हाला काही दिसलंच नाही.’

या तक्रारीला मिळालेलं उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. या भागाचे छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं असं, की चित्र फार अंधारं नव्हतं, ते मीच टिपलं आहे, मला माहीत आहे; लोकांना आपले टीव्ही नीट लावता येत नाहीत आणि कित्येक जण छोट्या पडद्यावर पाहतात. या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पंचावन्न रात्री उत्तर आयर्लंडच्या थंडीत आणि चिखलात उभं राहून या लढाईचं बाहेरचं चित्रीकरण झालं, हे काही साधं काम नव्हे. पण त्यांनी पाहिलेलं चित्र आणि घरात पोचलेलं चित्र ही दोन वेगळी चित्रं होती.

ती वेगळी का झाली, हे समजून घेण्यासारखं आहे. स्टुडिओत रंगसंस्करण, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवण्याचं काम, होतं ते अंधाऱ्या खोलीत, काटेकोर जुळवलेल्या मॉनिटरवर. घरी मात्र तेच चित्र दाबून, आकुंचित करून पाठवलं जातं. साध्या आठ-बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जास्तीत जास्त 256 पायऱ्या असतात. दृश्य जवळजवळ पूर्ण काळोखात असेल तर त्यांतल्या खालच्या मोजक्याच पायऱ्या वापरात येतात, आणि धुक्याची मऊ छटा पट्ट्यापट्ट्यांनी तुटते. त्यात चित्र आकुंचित करणारी यंत्रणा जागा वाचवायला सगळ्यांत आधी काय टाकून देते? अंधारातले बारीक फरक, कारण डोळ्याला ते जाणवणार नाहीत असं तिचं गृहीतक असतं. आणि इथे तर सगळी गोष्ट त्या बारीक फरकांतच होती! शिवाय उडता बर्फ, धूर, पळती माणसं. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी. दाबायला याहून अवघड चित्र सापडणं कठीण. मग पडद्यावर काळपट चौकोनी ठोकळे हलताना दिसले, यात बघणाऱ्याचा काय दोष?

पण ही केवळ तंत्राची गोष्ट असती तर मी व्याख्यानाला उभा राहिलो नसतो. ‘दिसलं नाही’ हा कलेवरचाही आक्षेप आहे, आणि त्याचा पुरावा त्याच भागात आहे. सुरुवातीला मेलिसांद्रे ही मांत्रिक स्त्री येते आणि जिवंतांच्या बाजूने लढणाऱ्या डोथ्राकी टोळीतल्या घोडेस्वारांच्या वाकड्या तलवारी मंत्राने पेटवते. शेकडो ज्वाळा अंधारात धावत सुटतात. आपण त्या मागे उभ्या असलेल्यांच्या नजरेतून पाहतो. ज्वाळा लांब जातात, लहान होतात, आणि मग एकेक करत विझतात. पुढे फक्त शांतता. मारणारा एकही चेहरा नीट दिसलेला नसतो, तरी काय झालं ते प्रत्येकाला कळतं. या दृश्याबद्दल फारशी तक्रार झाली नाही, उलट लोक भारावून गेले. म्हणजे प्रेक्षकाचं भांडण अंधाराशी नव्हतंच. इथे त्याला काय पाहायचं आणि कुठे पाहायचं हे माहीत होतं. पुढे किल्ल्यासमोर माणसं एकमेकांवर कोसळू लागली, ढगांत ड्रॅगन घुसले, आणि हा कोणता ड्रॅगन, खाली पडला तो कोण, ब्रिएन कुठे, जेमी कुठे, म्हणजे आपले लाडके योद्धे कुठे, हे शोधण्यात जीव जाऊ लागला. ज्याच्यासाठी जीव कासावीस व्हायचा तोच सापडेना.

या भागाचे दिग्दर्शक मिगेल सापोच्निक. त्यांनीच 2016 मध्ये याच मालिकेचा ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ हा भाग दिग्दर्शित केला होता. ती लढाई उजेडातली. मालिकेचा एक नायक जॉन एकटा, समोरून घोडदळ. मग प्रेतांचा ढीग, भोवती ढालींचं आवळत जाणारं कडं, आणि पायांखाली चिरडला जाणारा जॉन. गोंधळ तिथेही प्रचंड आहे, पण कडं कुठून आवळतंय हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपलाही श्वास कोंडतो. दिग्दर्शनाचं एमी पारितोषिक त्या भागाला मिळालं, आणि ते योग्यच होतं.

‘द लाँग नाइट’नंतर युद्धनीतीवरूनही पुष्कळ टीका झाली. घोडदळ काळोखात का सोडलं, दगडफेकीची यंत्रं तटाबाहेर का, मेलेल्यांना उठवणारा शत्रू असताना बायकामुलांना तळघरातल्या थडग्यांमध्ये का लपवलं? प्रश्न रास्त आहेत. पण माझा अनुभव असा, की लढाईत पूर्ण गुंतलेला प्रेक्षक असे हिशेब त्या क्षणी करत नाही.

आणि मग शेवट. संगीतकार रमिन जवादी यांचा पियानो सुरू होतो, लढाईचा गलका विरतो, दृश्याची गती मंदावते. किल्ल्यातल्या देववनात नाइट किंगला हवा असलेला ब्रॅन बसलेला, त्याला राखणाऱ्या थिऑनची शेवटची धाव, नाइट किंगचा शांत चेहरा. इथे सगळं स्पष्ट दिसतं. ब्रॅनची बहीण आर्या झेपावते, तिचा हात पकडला जातो, खंजीर एका हातातून सुटून दुसऱ्या हातात पडतो, आणि नाइट किंग संपतो. शिकागोतल्या एका बारमध्ये लोक या क्षणी अक्षरशः खुर्च्यांवरून उसळले, त्याची चित्रफीत जगभर फिरली. आर्या साकारणाऱ्या मेझी विल्यम्सला स्वतःला धास्ती होती, की हा मान आर्याचा नाही असं म्हणून लोक चिडतील. काही चिडलेही: जॉनची आणि नाइट किंगची समोरासमोर भेट व्हायला हवी होती, त्यासाठीच तर इतकी वर्षं गेली. मला स्वतःला आर्याच योग्य वाटते, कारण चोरपावलांनी मृत्यूच्या जवळ जाणं हेच तिचं सारं शिक्षण होतं. पण समोरच्याचं म्हणणं मी तासभर ऐकू शकतो. कारण हा वाद जे दिसलं त्याबद्दल आहे. कलाकृतीवर असेच वाद व्हावेत.

2022 मध्ये याच जगातली आधीची कथा सांगणाऱ्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ मालिकेच्या सातव्या भागातल्या रात्रीच्या दृश्यांवर पुन्हा हीच तक्रार आली, दिग्दर्शकही तेच, सापोच्निक. वाहिनीकडून उत्तर आलं, की मंद प्रकाश हा जाणीवपूर्वक घेतलेला कलात्मक निर्णय आहे. असेल. मग माझं मागणं एवढंच, की तो निर्णय पक्का करण्याआधी तयार भाग एकदा घरातल्या साध्या टीव्हीवर, साध्या इंटरनेटवरून, दिवा चालू असलेल्या खोलीत पूर्ण पाहावा. आणि तो पाहताना शेजारी अशा कोणाला तरी बसवावं, ज्याने पटकथा वाचलेली नाही.