तीन प्रती, एक यूपीएस

(फोंड्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"आमचा डेटा तीन ठिकाणी आहे," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, ठिकाण म्हणजे काय? तीन डिस्क? त्या एकाच सर्व्हरमध्ये असू शकतात. तीन सर्व्हर? ते एकाच रॅकमध्ये (म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटात), एकाच स्विचला जोडलेले असू शकतात. घराच्या तीन किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्या आणि जुडगा मांडवीत पडला, तर तीन काय नि तेरा काय!

आज मी सेफबद्दल (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठवण करणारं सॉफ्टवेअर) बोलणार, कारण माझी बोटं त्यातच पोळलीत. (नाव सेफ असलं म्हणून डेटा सेफ होत नाही, हा आमच्या धंद्यातला शिळा विनोद.) यात कोणती प्रत कुठे जायची हे 'क्रश' नावाचं गणित ठरवतं. सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००६ साली मांडलं. मधे पत्त्यांची वही घेऊन कुणी बसलेलं नसतं, क्लायंट नकाशा बघून स्वतःच पत्ता काढतो. त्या नकाशात डिस्क, होस्ट, रॅक, रूम अशी उतरंड असते. मुळातला नियम 'होस्ट'चा, म्हणजे दोन प्रती एका सर्व्हरवर नकोत, इतकंच. रॅक पडला तरी टिकायचं असेल तर नियमात 'रॅक' लिहावं लागतं आणि त्याआधी कोणता सर्व्हर कुठल्या रॅकमध्ये बसलाय हे नकाशात भरावं लागतं. हे कंटाळवाणं काम पुष्कळदा राहून जातं.

आम्ही मात्र ते केलं होतं. तीन रॅक, प्रत्येकात एक प्रत, प्रत्येकात एक मॉनिटर, म्हणजे कोण जिवंत, कोण पडलं याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. जूनमधली पहिली वादळी रात्र. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आपल्याकडे जाते तशी. मी घरून स्टेटसची कमांड दिली. उत्तर नाही. एररही नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. तेव्हाच पोटात गोळा आला. मॉनिटरांचं बहुमत नसेल तर क्लस्टर, म्हणजे या सगळ्या सर्व्हरांचा गट, स्वतःची तब्येतसुद्धा सांगू शकत नाही, आणि तिघांतले दोन गेल्याशिवाय बहुमत जात नाही. छत्री घेऊन पोचलो तर दोन रॅक काळोखात, तिसरा मजेत गुरगुरतोय. रॅक तीन होते, पण दोघांना वीज देणारा यूपीएस एकच! नकाशात रॅक वेगळे होते, केबलच्या ट्रेमध्ये नव्हते.

डेटाचा एक बाइटही गेला नाही. वीज आल्यावर सगळं उठलं. पण काम सकाळपर्यंत ठप्प होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. तीन प्रतींच्या पूलमध्ये (एकाच नियमाने साठवलेल्या डेटाच्या कप्प्यात) किमान दोन जिवंत नसतील तर सेफ लिहू देत नाही. हा आकडा एकवर आणून वेळ मारून नेणारे लोक मी पाहिलेत. त्या एकट्या डिस्कने तेवढ्यात मान टाकली, की रात्रभर लिहिलेलं सगळं गेलं.

जागा वाचवायला इरेजर कोडिंग घेणाऱ्यांनी, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे ठेवणाऱ्यांनी, इथे कान द्यावेत. चार अधिक दोन, म्हणजे डेटाचे चार आणि भरपाईचे दोन असे सहा तुकडे (कुठलेही चार उरले तरी पुरतात), तीन रॅकमध्ये दोन-दोन. एक रॅक गेला तर चार उरतात आणि डेटा वाचतो. पण मुळातली किमान मर्यादा पाचाची असते, म्हणून पूल थांबतो. डेटा शाबूत, सेवा बंद. कागदावर हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग चौथा रॅक का घ्यायचा? तीनच असतील तर पडलेल्या रॅकच्या प्रती नव्याने बनवायला जागाच नसते. चार असतील आणि सगळे ७० टक्के भरलेले असतील, तर उरलेले तीन ९३ टक्क्यांवर जातील, पण ९०लाच भरणं थांबतं. ६० टक्क्यांवर ठेवा, ८०वर निभावतं. वेळही धरा. एका रॅकमध्ये १० सर्व्हर, प्रत्येकी १६ टीबीच्या १२ डिस्क, त्या ६० टक्के भरलेल्या, म्हणजे ११५२ टीबी. सेकंदाला १० जीबीच्या वेगाने ३२ तास! म्हणूनच एखादी डिस्क पडली तर सेफ १० मिनिटांत डागडुजीला लागतो, पण अख्खा रॅक एकदम पडला तर मुद्दाम हात बांधून बसतो. स्विच किंवा वीज गेली असेल, येईल परत, असा त्याचा हिशेब. रॅक खरोखरच जळाला असेल तर ते तुम्ही त्याला सांगायचं.

आता आम्ही दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, भर दिवसा एका रॅकचा ब्रेकर खाली ओढतो. पहिल्याच वर्षी शेजारच्या रॅकमधला एक सर्व्हर विझला. त्याला दोन पॉवर सप्लाय होते, आणि दोन्ही वायरी कुणीतरी नीट गुंडाळून, टाय मारून, या रॅकच्या एकाच पट्टीत खोचल्या होत्या.